गोणपाट गेले, रांग राहिली : वर्गातली जात आणि शिक्षकाचे काम



दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरमध्ये दाखल झाले. त्या आठवणीचा हा दिवस. फोटोला हार घातला जातो, मुख्याध्यापक दोन शब्द बोलतात, एक-दोन मुले पाठ केलेले भाषण म्हणतात. आणि सांगितले काय जाते? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हीही करा. एवढेच. म्हणजे सगळी जबाबदारी पुन्हा विद्यार्थ्यावरच. शाळेने काय केले आणि काय करायला हवे होते, हा प्रश्न विद्यार्थी दिवसाला कोणीही विचारत नाही.

तो आम्ही विचारतो. त्या शाळेत भिवाला अडवले कशाने? पुस्तक तेच होते, गणित तेच होते, परीक्षा तीच होती. वेगळे होते ते बसणे. घरून गोणपाट न्यायचे, त्यावर वेगळे बसायचे, संध्याकाळी ते परत घरी आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. वेगळे होते ते पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातली मुले ते काढायला धावली, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. बसणे, पाणी आणि फळा. या तिन्ही गोष्टी अभ्यासक्रमात येत नाहीत. त्या वर्ग चालवण्याच्या पद्धतीत येतात.

आमचे म्हणणे सरळ आहे. शाळेतली जात पुस्तकात जेवढी असते, त्यापेक्षा जास्त शिकवण्याच्या पद्धतीत असते. कोण कुठे बसतो, कोणाला प्रश्न विचारला जातो, कोणाची बोली हसण्यावारी नेली जाते, कोणाच्या हातात झाडू येतो, कोणाचे नाव कोणत्या यादीत मोठ्याने वाचले जाते, यात ती रोज सहा तास जगते. म्हणून अध्यापनाची पद्धत हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे. तो आपण आजवर 'गुरुजींचे काम' म्हणून सोडून दिला.

दोघांनी मिळून ही अडचण केली

एका बाजूला आहेत शिक्षणातले व्यवस्थापकीय पंडित. त्यांच्या लेखी वर्गातली प्रत्येक अडचण तांत्रिक असते. मुले शिकत नाहीत? स्मार्ट बोर्ड लावा. वाचता येत नाही? ॲप द्या. लक्ष नाही? शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या, त्यात टाळ्या वाजवायचे खेळ घ्या, फोटो अपलोड करा. या सगळ्या साहित्यात 'विद्यार्थी' नावाचा एकच प्राणी असतो. त्याला जात नाही, वस्ती नाही, आईची रोजंदारी नाही. साधन मग कितीही चांगले असो, ते ज्या वर्गात जाते त्या वर्गाची उतरंड तशीच ठेवून जाते. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात टॅब राहतो आणि शेवटच्या रांगेतला मुलगा मागून मान उंचावून बघतो. गोणपाटाच्या काळात आणि टॅबच्या काळात अंतर फक्त वस्तूचे पडले.

दुसऱ्या बाजूला आहोत आपण. आपली चळवळ शिष्यवृत्तीसाठी लढते, वसतिगृहासाठी उपोषणाला बसते, राखीव जागांसाठी न्यायालयात जाते. हे केलेच पाहिजे. पण प्रवेश मिळाल्यावर त्या चार भिंतींच्या आत काय घडते, याकडे आपले लक्ष नसते. शाळेच्या भिंतीवर वाघिणीच्या दुधाचे वाक्य रंगवले, फोटो भेट दिला, १४ एप्रिलला वह्या वाटल्या की आपले शैक्षणिक कार्य संपते. मुलगी सातवीपर्यंत गेली आणि तिला सलग एक परिच्छेद वाचता येत नाही, तर आपण सरकारला शिव्या देतो. शिव्या द्यायलाच हव्यात. पण त्या शाळेत शिक्षकांना नेमके काय बदलायला सांगायचे, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

फुल्यांना ते सांगता येत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात नुसते 'शिक्षण द्या' म्हटलेले नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी समाजातून घ्या, कारण ते त्या मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अभ्यासात हिशेब, शेती आणि आरोग्याची माहिती ठेवा, अशा बारीक सूचना त्यात आहेत. कोण शिकवणार, काय शिकवणार, कसे शिकवणार, हे त्यांच्यासाठी राजकारण होते. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरसकट इतर शाळांत घ्यायला लावले, तेव्हा त्यांनीही 'मुले कुठे बसतात' या प्रश्नालाच हात घातला होता. हा वारसा आपला आहे. तो आपण उत्सवात हरवून बसलो.

जात जाहीर केली की काय होते

'आमच्या शाळेत जातपात कोणी पाळत नाही' हे उत्तर आम्हाला जवळजवळ प्रत्येक शाळेत मिळते. देणारे बहुतेक वेळा खोटे बोलत नसतात. त्यांना दिसत नसते. म्हणून एक प्रयोग सांगतो.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यांनुसार पैसे मिळणार होते. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलांची जात जाहीर केली नाही, तेव्हा तथाकथित उच्च आणि निम्न जातींच्या मुलांच्या कामगिरीत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. त्या गटांत निम्न मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी खाली आली. कोडी त्याच प्रकारची, मुले त्याच वयाची. बदलली होती फक्त एक गोष्ट : जात चारचौघांत उच्चारली गेली.

आता आपल्या शाळेतला जुलै महिना आठवा. 'एससीची मुले उभी राहा, दाखले आणले का?' सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीच्या मुलींची नावे वर्गात वाचली जातात. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिच्या कागदांसाठी मुलाला सर्वांदेखत विचारले जाते, 'तुझे वडील नेमके काय काम करतात?' पहिली ते चौथीच्या मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा तो रोजचा एक रुपया, त्याचीसुद्धा यादी वर्गातच वाचली जायची. योजना आपल्या हक्काची आहे, ती मिळालीच पाहिजे. पण देण्याची पद्धत अशी, की हक्क घेताना मान खाली घालावी लागते. आणि मग हेच शिक्षक विचारतात, ही मुले वर्गात बोलत का नाहीत?

दुसरा एक अभ्यास आपल्यालाच टोचणारा आहे, म्हणून तोही सांगितला पाहिजे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. मुखपृष्ठावरची जात मनाला येईल तशी, चिठ्ठी काढल्यासारखी टाकलेली होती. उत्तरपत्रिकेवर निम्न जात लिहिलेली असली की गुण थोडे कमी पडत. फरक लहान होता, पण होता. आणि हा कल निम्न मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांमध्येच दिसला. म्हणजे 'आपला माणूस शिक्षक झाला की प्रश्न सुटला' ही समजूत अपुरी आहे. आपला माणूस शिक्षक झालाच पाहिजे. पण त्याच्याही हातात वेगळी पद्धत दिली पाहिजे, नाहीतर तो जुन्याच मापाने मोजत राहील.

मग शिक्षकाने काय करायचे? पुढच्या सहा गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. आपल्या समाजातून शिक्षक झालेल्या बंधू-भगिनींनी त्या उद्यापासून कराव्यात. कार्यकर्त्यांनी त्या आपल्या गावच्या शाळेत मागाव्यात.

१. यादी वर्गात वाचायची नाही

शिष्यवृत्ती, भत्ता, दाखले यांचे कोणतेही काम वर्गासमोर होऊ नये. पालकांना बंद चिठ्ठी द्यावी, किंवा पालकसभेच्या दिवशी कार्यालयात एकेकाला बोलवावे. हजेरीपटावर जातीचा रकाना असेल तर तो पट मुलांच्या हाती देऊ नये. 'वडिलांचा व्यवसाय' या विषयावर वर्गात उभे राहून बोलायला लावू नये. 'माझे घर', 'माझी सुट्टी' असे निबंध देताना 'मला माहीत असलेले एक काम आणि ते कसे करतात' हा पर्याय ठेवावा. मुलाला कौशल्य सांगता येते, स्वतःचे घर उघडे करावे लागत नाही.

२. बसण्याची जागा फिरती ठेवायची

'ढ' मुलांची रांग ही आजची गोणपाटाची रांग आहे. कोणी मुद्दाम जात बघून ती लावत नाही, हे खरे. पण आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथल्या शाळांत शेवटच्या रांगेतली नावे लिहून काढली की वस्तीचा नकाशाच तयार होतो. उपाय सोपा आहे. दर आठवड्याला रांगा पुढे सरकवायच्या. जोड्या दर पंधरवड्याला बदलायच्या.

यावर शिक्षक म्हणतात, स्तरानुसार गट करायला तर शासनच सांगते. बरोबर. अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी असे गट करून शिकवण्याची पद्धत 'प्रथम'सारख्या संस्थांनी रुजवली आणि तिचा उपयोग होतो, हे आम्हीही मानतो. पण तो गट रोजच्या एका तासापुरता असावा, फक्त वाचनासाठी किंवा गणितासाठी असावा, आणि महिन्याभरात पुन्हा तपासून मूल पुढच्या गटात गेले पाहिजे. गट वर्षभर तोच राहिला आणि दिवसभर तसाच बसला, तर ती जातच झाली. जन्माने मिळालेली जागा न बदलणे, हीच तर जातीची व्याख्या आहे.

३. फळा आणि प्रश्न सर्वांचा

शिक्षक प्रश्न विचारतात, दोन-तीन हात वर येतात, त्यांतल्याच एकाला विचारले जाते, धडा पुढे सरकतो. उरलेली पस्तीस मुले प्रेक्षक. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आमच्या पोरांना घरी पुस्तकी भाषा ऐकायला मिळत नाही. प्रश्न ऐकून, तो मनात लावून, उत्तर पुस्तकी मराठीत बसवून बोलायला त्यांना वेळ लागतो. तो वेळ म्हणजे मंदपणा नाही. बोटांवर तीन मोजा, मग उत्तर घ्या.

दुसरे, नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा. प्रश्न आधी विचारा, थांबा, मग चिठ्ठी काढा. तिसरे, पाटी वापरा. प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि 'वर करा' म्हटले की एकदम वर करायची. एका नजरेत चाळीस उत्तरे दिसतात आणि चुकणारा एकटा पडत नाही. हजारो रुपयांच्या उपकरणांनी जे करून देण्याचा दावा केला जातो, ते पाटी आणि पेन्सिल करते. चौथे, चुकीचे उत्तर आले की 'बस खाली' म्हणायचे नाही. 'हे कसे काढलेस ते फळ्यावर दाखव' म्हणायचे.

आणि महिन्यातून एक दिवस मोजणी करा. हजेरीच्या नावांपुढे, ज्याला प्रश्न विचारला त्याच्यापुढे एक रेघ. दिवस संपल्यावर ज्यांच्यापुढे रेघ नाही ती नावे पाहा. 'आमच्या शाळेत जात नाही' म्हणणाऱ्या कोणत्याही गुरुजींना आम्ही एवढेच सांगतो : एक दिवस रेघा मारा, मग बोलू.

४. 'पानी' म्हणणारे मूल अशुद्ध नसते

मराठी वर्गात जात ओळखण्याचे सर्वांत जुने यंत्र म्हणजे 'न' आणि 'ण'. मूल 'पानी', 'कोनी' म्हणाले की हशा पिकतो. विदर्भातले पोर 'मले भूक लागली' म्हणाले, मराठवाड्यातले 'म्या केलं' म्हणाले, की शिक्षक आधी वाक्य दुरुस्त करतात. मुलाने काय सांगितले ते बाजूला पडते. असे दहा वेळा झाले की मूल बोलणे सोडते. पारधी, बंजारा, गोंड, कोरकू मुलांची गोष्ट तर त्याहून कठीण, कारण त्यांची घरची भाषाच वेगळी.

प्रमाण मराठी शिकवू नका, असे आम्ही म्हणत नाही. ती सत्तेची भाषा आहे, स्पर्धा परीक्षेची भाषा आहे, अर्जाची आणि न्यायालयाची भाषा आहे. ती आमच्या मुलांना इतरांपेक्षा चांगली आली पाहिजे. प्रश्न ती येण्याच्या वाटेचा आहे. फळ्याचे दोन भाग करा : 'घरची भाषा' आणि 'पुस्तकाची भाषा'. डावीकडे 'मले', उजवीकडे 'मला'. डावीकडच्या शब्दावर काट मारायची नाही. पहिली-दुसरीत मुलाने सांगितलेली दोन-तीन वाक्ये तो बोलला तशीच मोठ्या अक्षरांत लिहून काढा आणि तीच त्याला वाचायला द्या. स्वतःचे बोलणे वाचायला मुलाला अडचण येत नाही, कारण अर्थ त्याला आधीच माहीत असतो. मग तीच वाक्ये पुस्तकाच्या भाषेत लिहा. अशी पंधरा-वीस पाने शिवली की वर्गाचे पहिले वाचनपुस्तक तयार.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ हेच सांगते : शक्य तितके मातृभाषेतून शिकवा, आणि मूल भयमुक्त राहील असे पाहा. कलम १७ तर शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालते. बोलीवरून वर्गभर हसे करणे हा मानसिक छळ नाही तर काय आहे?

५. झाडू, पाणी आणि ताट

शाळेत काम करण्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो काम ठरावीक मुलांच्या वाट्याला येण्याला. वर्ग झाडणे, गुरुजींचा चहाचा कप धुणे, स्वच्छतागृहात पाणी टाकणे, पाहुण्यांना पाणी देणे, फळ्यावर सुविचार लिहिणे, प्रार्थनेला माईक धरणे, ही सगळी कामे एका तक्त्यावर लिहा आणि हजेरी क्रमांकाने फिरवा. झाडू मारणारी मुलगी दुसऱ्या दिवशी माईकसमोर आली पाहिजे आणि माईक धरणाऱ्या मुलाच्या हातात झाडू आला पाहिजे. मुलींना झाडू आणि मुलांना माईक, ही वाटणीसुद्धा याच तक्त्याने मोडते. स्वच्छतागृह साफ करणे हे मात्र कोणत्याही मुलाचे काम नाही.

पोषण आहारात पंगत एकच असावी, आणि शिक्षकांनी त्याच पंगतीला बसून जेवावे. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला आहे. तुमच्या शाळेत स्वयंपाक कोण करते, हे एकदा जाऊन बघा.

६. साधन म्हणजे विकत घेतलेली वस्तू नव्हे

मध्य प्रदेशात १९७२ पासून तीस वर्षे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. सरकारी शाळांतली खेड्यापाड्यातली मुले स्वस्त साहित्याने स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली. सरकारने २००२ मध्ये तो बंद केला. पुण्यात अरविंद गुप्तांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी बनवून दाखवली. आपल्या साताऱ्याच्याच कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी खडे, बिया, काड्या आणि रंगवलेली फरशी घेऊन वर्ग बदलले आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. म्हणजे गरीब शाळेत चांगले शिकवता येत नाही, ही सबब टिकत नाही.

यात आमची एक भर आहे : साधनात कष्टकऱ्यांचे जग आले पाहिजे. शेकडेवारी शिकवताना बचत गटाचे महिना दोन टक्के व्याज घ्या आणि वर्षाला ते किती होते ते मुलांनाच काढू द्या. गुणाकाराला वीटभट्टीवरचा विटांचा थर घ्या. ऊसतोडीचे टन, उचल आणि कापली जाणारी रक्कम यावर एक आठवडाभराचे गणित होते. काळजी एकच घ्यायची : उदाहरण गावाचे असावे, एखाद्या मुलाच्या घरचे नसावे.

इतिहासासाठी मुक्ता साळवे यांचा निबंध घ्या. फुले दांपत्याच्या शाळेतल्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आठवी-नववीत त्याचे तीन तास होतात. पहिल्या तासाला मोठ्याने वाचन आणि जुन्या शब्दांचे अर्थ. दुसऱ्या तासाला गटागटाने शोधायचे : तक्रार काय, कोणाविरुद्ध, पुरावा काय दिला? तिसऱ्या तासाला प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका अन्यायाबद्दल ग्रामपंचायतीला निवेदन लिहायचे. मराठी, इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच धड्यात झाले. आणि मुलांना कळले, की शाळकरी मुलीचे लिहिणेसुद्धा इतिहासाचा दस्तऐवज होते.

उद्देशिका तर प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली आहे. ती रोज पाठ म्हणून घेण्याऐवजी वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावरून वर्गाचे नियम मुलांकडूनच तयार करून घ्या. 'संधीची समानता' म्हणजे आपल्या वर्गात काय? चिठ्ठ्यांचा डबा. 'बंधुता' म्हणजे काय? एक पंगत. संविधान मुलांना असे कळते.

तीन हरकती

पहिली हरकत, 'जात काढली की जात वाढते.' आम्ही जात काढतच नाही. चिठ्ठ्यांच्या डब्यावर, कामाच्या तक्त्यावर, पाटीवर जात लिहिलेली नसते. उलट जात मोठ्याने वाचणारी यादी बंद करा, असे आम्ही म्हणतो.

दुसरी हरकत, 'याने हुशार मुलांचे नुकसान होते.' तीन सेकंद थांबल्याने कोणाचे नुकसान होते? पहिल्या बाकावरचे मूल दोन आठवडे मागे बसले तर त्याचे काय जाते? नुकसान होते ते फक्त एका सवयीचे : आपण कायम पुढे असणारच, या सवयीचे.

तिसरी हरकत खरी आहे. शिक्षकांवर आधीच बोजा आहे. माहिती भरा, फोटो टाका, सर्वेक्षण करा, मतदार याद्या करा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते, तरी ही कामे येतच राहतात. या लढ्यात आम्ही शिक्षकांबरोबर आहोत. त्यांच्या रिकाम्या जागा भरा, त्यांना वर्गात राहू द्या, ही मागणी आमचीही आहे. पण वरच्या सहा गोष्टींसाठी एकही नवा रकाना भरावा लागत नाही.

आता आपण काय करायचे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. या समितीला शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार आहे. अनेक गावांत ही समिती कागदावर असते. आपल्या वस्तीतल्या आया-बहिणींचे अंगठे तिच्या रजिस्टरवर असतात, पण सभा कधी झाली हे त्यांना माहीत नसते. आपण ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी जीव टाकतो आणि आपल्या लेकरांच्या शाळेची समिती मोकळी सोडतो. हे थांबवा. पुढच्या सभेला जा. सहा मुद्दे एका कागदावर लिहून न्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

भांडण उकरायला जायचे नाही. जुलैच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा, शिष्यवृत्तीचे सगळे अर्ज भरून द्यायला आमचे चार कार्यकर्ते येतील, पण यादी वर्गात वाचू नका. शिक्षकाचे काम हलके होते आणि मुलांची मानही राखली जाते. जो शिक्षक मनापासून बदलतो, त्याचा १४ एप्रिलला सत्कार करा, मग तो कोणत्याही जातीचा असो. जो समजावूनही मुलांना जातीवरून अपमानित करतो, त्याच्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

आणि हीच फूटपट्टी आपल्या विहारातल्या अभ्यासिकेलाही लावा. तिथेही नोकरदारांची मुले पुढे आणि नाक्यावरच्या मजुरांची मुले मागे बसतात का? तिथे सतरंजी मुलीच उचलतात का? आधी तिथे डबा ठेवा, तक्ता लावा, मग शाळेत मागायला जा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तर त्या पैशांत वस्तीसाठी पुस्तकांची एक पेटी येते. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडवले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

येत्या ७ नोव्हेंबरला शाळेत हार घेऊन जाणारच असाल, तर सोबत चिठ्ठ्यांचा एक डबा आणि कामाचा एक तक्ताही घेऊन जा. हार घातल्यावर गुरुजींना विचारा, या वर्गात आज भिवा आला तर तो कुठे बसेल? त्याला प्रश्न कोण विचारेल? पाणी कोण देईल? उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.

जय भीम! जय संविधान!